वटवाघळांच्या आंत्रकृमींचा अभ्यास, वटवाघळाला हात न लावता

जुन्या वाड्याच्या तुळयांखाली रात्री प्लास्टिकचा कागद अंथरून ठेवला आणि उजाडताना त्यावर पडलेली एखादी लेंडी हातमोजा घातलेल्या बोटांच्या चिमटीत हलकेच दाबली, तर तिचा कोरडा, भुसभुशीत चुरा होतो आणि त्या चुऱ्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे व खवले उन्हात चमकतात. उंदराची लेंडी वाळल्यावर खड्यासारखी घट्ट होते, ती अशी चुरत नाही. छपरात नेमके कोण राहते हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. हाच चुरा पाण्यात कालवून, गाळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की वटवाघळाच्या आतड्यात राहणाऱ्या कृमींची अंडी दिसू लागतात. एकाही प्राण्याला न पकडता, न मारता, त्याच्या आतड्यातील कृमींविषयी बरेच काही सांगता येते. ते कसे करावे, कोठे फसगत होते आणि हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ किती ताणावा, हे प्राणिशास्त्राचे व पशुवैद्यकाचे विद्यार्थी, शिक्षक आणि गंभीरपणे काम करू इच्छिणारे निसर्ग अभ्यासक यांच्यासाठी येथे क्रमाने मांडले आहे.

पूर्वीच्या बहुतेक अभ्यासांत वटवाघळे मारून त्यांचे आतडे उघडले जाई. आपल्याला ठाऊक असलेल्या कृमींच्या बहुसंख्य जातींचे वर्णन त्याच मार्गाने झाले आहे आणि त्या कामाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही आज केवळ कृमी मोजण्यासाठी वटवाघळे मारणे मला समर्थनीय वाटत नाही. बहुतेक जातींची मादी वर्षाला एक, फार तर दोन पिल्ले देते, त्यामुळे लहान वसाहतीतून वीस माद्या कमी झाल्या तर ती भरून यायला अनेक वर्षे लागतात.

आतड्यात कोण राहते

शोधायचे काय हे आधी ठाऊक असावे. वटवाघळांच्या आतड्यात मुख्यतः तीन गटांचे कृमी आढळतात: पानासारखे चपटे पर्णकृमी, फितीसारखे पट्टकृमी आणि दोऱ्यासारखे गोलकृमी. काटेरी सोंडेचे कृमीही कधीकधी सापडतात, पण ते विरळ.

कीटकभक्षी वटवाघळांत पर्णकृमी सर्वांत लक्षवेधी ठरतात आणि त्यांतही लेसिथोडेंड्रिडी हे कुल पुनःपुन्हा भेटते. हे कृमी इतके लहान असतात की उघडलेल्या आतड्यात ते खसखशीच्या दाण्यांसारखे दिसतात. बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. त्यांचे जीवनचक्र सविस्तर सांगतो, कारण या साऱ्या अभ्यासाचा गाभा त्यात आहे. विष्ठेबरोबर पडलेले अंडे पाण्यात पोहोचते आणि गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या पोटात जाते. तिच्या शरीरात त्याची संख्या अनेक पटींनी वाढते आणि शेपटीची सूक्ष्म अळी होऊन ते पुन्हा पाण्यात उतरते. या अळीच्या तोंडाशी सुईसारखा एक काटा असतो. पाण्यात वाढणाऱ्या कीटकाच्या, म्हणजे डासमाशी, एकदिनी माशी किंवा कॅडिसमाशी यांसारख्यांच्या डिंभाचे, म्हणजे पंख न फुटलेल्या पिल्लाचे, कवच त्या काट्याने भेदून ती आत शिरते आणि कोष करून बसते. कीटकाला पंख फुटतात, तो संध्याकाळी पाण्यावरून उडू लागतो आणि वटवाघूळ त्याला टिपते. म्हणजे छपरात पडलेल्या लेंडीत पर्णकृमीचे अंडे दिसले, तर त्या वटवाघळाने गोगलगायी असलेल्या ओढ्या-तळ्याच्या काठी शिकार केली असण्याची दाट शक्यता आहे. अंड्यावरून पाण्यापर्यंत जाणारा हा माग हेच या कामाचे मोठे आकर्षण आहे.

पट्टकृमींमध्ये हायमेनोलेपिडिडी कुलातील जाती नेहमीच्या. त्याही कीटक व तत्सम संधिपाद प्राण्यांमार्फतच पोहोचतात. गोलकृमींचे मार्ग मात्र वेगवेगळे आहेत: काहींना मध्यस्थ यजमान, म्हणजे मधल्या टप्प्यात आसरा देणारा दुसरा प्राणी, लागतच नाही, काही कीटकांतून येतात आणि काही आईच्या दुधातून.

दुधातून येणाऱ्या कृमीचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. तेथील मोठ्या फलाहारी वटवाघळांत टॉक्सोकारा टेरोपोडिस नावाचा गोलकृमी असतो. प्रौढ मादीच्या यकृतात त्याच्या अळ्या सुप्त पडून राहतात, विण्याच्या सुमारास जाग्या होऊन स्तनांकडे सरकतात आणि दुधाबरोबर पिल्लाच्या आतड्यात जाऊन तेथे प्रौढ होतात. दूध सुटण्याच्या सुमारास पिल्लू ते बाहेर टाकते. म्हणूनच प्रौढांच्या विष्ठेत अंडी नाहीत म्हणजे वसाहतीत कृमी नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. या कृमीला एक दुर्दैवी प्रसिद्धीही लाभली. १९७९ मध्ये क्वीन्सलँडच्या पाम बेटावर शंभराहून अधिक लोक, त्यांत बहुतांश मुले, यकृत व मूत्रपिंडाच्या गूढ आजाराने रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा वटवाघळांच्या विष्ठेने दूषित झालेल्या आंब्यांतून हा कृमी पोहोचला असावा असा तर्क पुढे मांडला गेला. नंतर संशयाचा रोख बेटाच्या पाणीपुरवठ्याकडे वळला: धरणातील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकण्यात आला होता आणि मरताना त्या शेवाळातील निळ्या-हिरव्या जीवाणूंनी सोडलेले विष पाण्यात उतरले, हे स्पष्टीकरण आज अधिक मान्य आहे. वटवाघळावर ठपका ठेवण्याची घाई किती सहज होते, हे अंडी मोजायला बसणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

परवानगी आणि सुरक्षितता

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील उपद्रवी प्राण्यांच्या यादीत पूर्वी फलाहारी वटवाघळांचा समावेश होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. वटवाघूळ पकडायचे असेल तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि मेलेले वन्यप्राणीही कायद्याने शासनाची मालमत्ता असतात. केवळ खाली पडलेल्या लेंड्या वेचायच्या असतील तरी अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन विभागाची, कोरीव लेणी व किल्ल्यांत पुरातत्त्व खात्याची आणि खासगी वाड्यात मालकाची लेखी संमती घ्यावी. महाविद्यालयातून काम होत असेल तर संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीलाही आधी कळवावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नको. वटवाघळांच्या जुन्या लेंडीत हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी वाढू शकते आणि तिची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा आजार होतो. म्हणून बंदिस्त गुहेत किंवा माळ्यावर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा, डोळ्यांना चष्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि कामानंतर वेगळे धुवायचे कपडे हवेत. साचलेला ढीग झाडू नये, उकरू नये. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाचा पुरावा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला मिळाला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र ताजी लेंडी, मूत्र व लाळ हाताळताना शिस्त हवी. वटवाघळाने चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे आणि वटवाघळाचे नाव घेऊन रेबीजच्या लसीविषयी विचारावे. या कामात नियमित असणाऱ्याने प्रतिबंधक लस आधीच घेतलेली बरी.

वसाहत निवडणे

ज्या वसाहतीत एकाच जातीची वटवाघळे राहतात, खाली सपाट जमीन आहे आणि उंदीर-घुशींचा वावर कमी आहे, ती सुरुवातीसाठी उत्तम. उंदरांचा मुद्दा किरकोळ वाटला तरी तसा नाही, कारण उंदरांतही हायमेनोलेपिस पट्टकृमी असतो आणि त्यांच्या लेंडीचा एखादा कण मिसळला तरी निष्कर्ष बिघडतो.

जात ओळखण्यासाठी संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची छायाचित्रे, शक्य असल्यास त्यांच्या श्राव्यातीत हाकांचे ध्वनिमुद्रण आणि खाली पडलेले खाद्याचे अवशेष, तिन्हींचा उपयोग करावा. भारतीय व्हॅम्पायर या गैरसमजुतीच्या नावाने ओळखले जाणारे मोठ्या कानांचे वटवाघूळ, म्हणजे लायरोडर्मा लायरा (पूर्वीचे नाव मेगाडर्मा लायरा), आपल्याकडे जुन्या वाड्यांत, थडग्यांत व पडक्या मंदिरांत राहते. ते रक्त पीत नाही. मोठे किडे, बेडूक, पाली, लहान पक्षी व उंदीर खाते. त्याच्या बैठकीखाली टोळांच्या तंगड्या व बेडकांचे तुकडे पडलेले दिसतात. अशा वटवाघळाचे कृमी छपरातल्या एवढ्याशा पाकोळीच्या, म्हणजे लहान कीटकभक्षी वटवाघळाच्या, कृमींहून वेगळे असणारच. वडा-पिंपळावर लोंबणाऱ्या मोठ्या फलाहारी वटवाघळांत कृमींची विविधता सहसा कमी असते, कारण कीटकांतून येणारे बहुतेक मार्ग त्यांच्या आहारात बंदच असतात. विद्यार्थ्यांनी पहिलाच प्रयत्न वडावरच्या वटवाघळांवर केला आणि महिनाभर एकही अंडे दिसले नाही, तर तो त्यांच्या हाताचा दोष समजू नये.

पिल्ले असण्याच्या काळात, म्हणजे माद्या एकत्र जमून पिल्लांना पाजत असताना, वसाहतीत दिवसा जाऊ नये. घाबरून उडालेल्या आईच्या अंगावरून पिल्लू निसटून खाली पडले तर ते बहुधा वाचत नाही. कागद अंथरण्यासाठी वटवाघळे चरायला गेल्यावर जावे, लाल प्रकाशाची मंद विजेरी वापरावी आणि दहा मिनिटांत बाहेर यावे.

नमुने गोळा करणे

अंधार पडल्यावर वसाहतीखाली स्वच्छ, पांढरा प्लास्टिकचा कागद अंथरावा, कडांना दगड ठेवावेत आणि तो पहाटे, वटवाघळे परतून तासभर झाल्यावर उचलावा. वटवाघळांचे पचन वेगवान असते. फलाहारी जातींत अन्न अर्ध्या तासात आतड्यातून पार होऊ शकते आणि कीटकभक्षी जातींत एक-दोन तासांत. त्यामुळे परतल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात भरपूर ताज्या लेंड्या मिळतात.

ताजेपणाचा आग्रह का, हे माझ्या पहिल्याच चुकीवरून सांगता येईल. सुरुवातीला मी एका पडक्या कोठारातील जुन्या ढिगातून चमचाभर लेंडी उचलून आणली. काचपट्टीवर वळवळणारे असंख्य गोलकृमी पाहून फार मोठे काही सापडले असे मला वाटले. ज्येष्ठ सहकाऱ्याने एका दृष्टिक्षेपात सांगितले की हे मातीतले, मुक्तपणे जगणारे कृमी आहेत, लेंडीतील जीवाणूंवर पोसलेले. वटवाघळाच्या आतड्याशी त्यांचा संबंध नाही. दोन आठवड्यांच्या नोंदी बाद कराव्या लागल्या. जमिनीला टेकलेली, ओल लागलेली किंवा बुरशी धरलेली लेंडी तेव्हापासून मी उचलत नाही.

लेंड्या चिमट्याने एकेक उचलाव्यात आणि दोन नमुन्यांत किमान हातभर अंतर ठेवावे, म्हणजे एकाच वटवाघळाच्या लेंड्या पुनःपुन्हा मोजल्या जाण्याची शक्यता घटते. ती पूर्णपणे जात नाही, हे अहवालात स्पष्ट लिहावे. प्रत्येक लेंडी स्वतंत्र लहान नळीत ठेवावी. नळीत टाकायच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने जागा, तारीख, वेळ, वटवाघळाची जात आणि नमुना क्रमांक लिहावा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते आणि नंतर सारे कष्ट निनावी होतात.

किती नमुने पुरे, याचे उत्तर साध्या गणितात आहे. दहापैकी एका लेंडीत अंडी असतील असे धरले, तर त्यांपैकी किमान एक सापडण्याची ९५ टक्के खात्री मिळण्यासाठी २९ लेंड्या तपासाव्या लागतात. वीसपैकी एका लेंडीत अंडी असतील, तर हाच आकडा ५९ होतो. म्हणून दहा-बारा लेंड्या पाहून 'कृमी नाहीत' असे लिहिणे चुकीचे आहे.

जतन कसे करावे हे उद्देशावर ठरते. अंड्यांचा आकार पाहायचा असेल तर दहा टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅल्डिहाइडच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. जनुकीय तपासणी करायची असेल तर ९५ टक्के इथेनॉल, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. शक्य असेल तेथे प्रत्येक दुसरी लेंडी अल्कोहोलमध्ये ठेवावी. जतनद्रव्य न घालता नमुने चार अंश सेल्सिअसला काही दिवस टिकतात, पण घरच्या फ्रिजमध्ये ते ठेवू नयेत. फॉर्मॅलिनचे काम नेहमी हवेशीर जागी, धूरपेटीखाली (फ्यूम हूड) करावे.

अंडी वेगळी काढणे

लहान पाकोळीची लेंडी काही मिलिग्रॅमचीच असते. गाईम्हशींसाठी सांगितलेल्या पद्धती दोन-तीन ग्रॅम शेण गृहीत धरतात, त्या येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. मी दोन वाटा धरतो: प्रत्येक लेंडी स्वतंत्रपणे केवळ 'आहे-नाही' तपासण्यासाठी, आणि एकाच रात्रीच्या वीस-तीस लेंड्या एकत्र करून तयार केलेला, वजन केलेला मिश्र नमुना सविस्तर पाहण्यासाठी. एका ग्रॅममधील अंड्यांची संख्या फक्त मिश्र नमुन्यातूनच काढावी.

तरंगण पद्धत, म्हणजे जड द्रावणात अंडी वर तरंगवून गोळा करणे, गोलकृमी व पट्टकृमींच्या अंड्यांसाठी वापरतात. कोमट पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालावे. लिटरमागे साधारण ४०० ग्रॅम घेतले की तळाशी थोडे उरते आणि द्रावण संपृक्त झाल्याची ती खूण. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.२० च्या आसपास येते. साखरेचे द्रावण त्याहून जड असते: ४५४ ग्रॅम साखर ३५५ मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवली की १.२७ मिळते. त्यात फॉर्मॅलिनचे काही थेंब टाकले तर बुरशी येत नाही. मला साखर अधिक आवडते. मिठाच्या द्रावणात अंडी लवकर आक्रसतात आणि काचपट्टी कडेने वाळून स्फटिक धरू लागते.

लेंडी दहा मिलिलिटर पाण्यात काचकांडीने पूर्ण चुरावी आणि बारीक जाळीच्या चहाच्या गाळणीतून किंवा मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळावी. किड्यांचे पंख व पाय वर अडकतात. ते फेकू नयेत, आहाराच्या अभ्यासासाठी वेगळे ठेवावेत. गाळलेले पाणी सेंट्रीफ्यूजमध्ये मिनिटाला १५०० फेऱ्यांनी पाच मिनिटे फिरवावे, वरचे पाणी ओतून टाकावे, गाळात साखरेचे द्रावण घालून ढवळावे आणि पुन्हा पाच मिनिटे फिरवावे. नंतर नळी स्टँडमध्ये उभी करून थेंबाथेंबाने द्रावण घालत काठाच्या किंचित वर फुगवटा येईपर्यंत भरावी. त्यावर कव्हरस्लिप ठेवून पंधरा मिनिटे नळीला धक्का लागू देऊ नये. कव्हरस्लिप सरळ वर उचलून काचपट्टीवर ठेवली की पाहायला सुरुवात करता येते.

पर्णकृमींची अंडी या पद्धतीत बहुधा निसटतात, कारण ती जड व झाकणाची असतात. केवळ तरंगण पद्धत वापरून 'पर्णकृमी आढळले नाहीत' असे लिहिलेले विद्यार्थ्यांचे प्रकल्प मी पाहिले आहेत आणि त्याचे वाईट वाटते, कारण कीटकभक्षी वटवाघळांतील सर्वांत महत्त्वाचा गटच त्यांतून सुटलेला असतो. त्यांच्यासाठी निःसादन पद्धत, म्हणजे अंडी तळाच्या गाळात बसवण्याची पद्धत, हवी. गाळलेल्या नमुन्याच्या गाळात दहा टक्के फॉर्मॅलिनचे सात मिलिलिटर व इथाइल ॲसिटेटचे तीन मिलिलिटर घालून, नळीला बूच लावून अर्धा मिनिट जोराने हलवावे, मग बूच जपून उघडून आतला दाब सोडावा आणि सेंट्रीफ्यूजमध्ये तीन मिनिटे फिरवावे. नळीत चार थर दिसतात: वर इथाइल ॲसिटेट, त्याखाली चरबी व कचऱ्याचा थर, मग फॉर्मॅलिन आणि तळाशी गाळ. कचऱ्याचा थर काडीने कडेपासून सोडवून वरचे तिन्ही थर एका झटक्यात ओतावेत आणि तळाचा थेंबभर गाळ पाहावा. इथाइल ॲसिटेट ज्वलनशील आहे, म्हणून खोलीत ज्योत नको.

सूक्ष्मदर्शकाखाली

आधी नेत्रभिंगातील मोजपट्टी प्रमाणित काचपट्टीशी ताडून घ्यावी. हे न करता लिहिलेली मापे निरुपयोगी असतात. नंतर दहाच्या वस्तुभिंगाखाली संपूर्ण कव्हरस्लिप डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, नांगरटीसारखी एकेक पट्टा करून पाहावी. संशयास्पद काही दिसले की चाळीसच्या भिंगाखाली जावे.

लेसिथोडेंड्रिडी पर्णकृमींची अंडी फार लहान, साधारण २० ते ३० मायक्रॉन लांब, तपकिरी व अंडाकृती असतात. एका टोकाला घट्ट बसलेल्या डबीच्या झाकणासारखी बारीक रेघ दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बुरशीचे बीजाणू वाटतात. सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवत राहिले की ती झाकणाची रेघ क्षणभर उमटते आणि पुन्हा विरते. तो क्षण एकदा डोळ्यांना ओळखीचा झाला की पुढे चूक होत नाही. पट्टकृमीच्या अंड्यात आतला गोल गर्भ आणि त्यातील सहा आकड्या (हूक) पाहाव्यात. आकड्या दिसल्याशिवाय पट्टकृमी लिहू नये. कॅपिलारिया गटातील गोलकृमींचे अंडे लिंबाच्या आकाराचे असून दोन्ही टोकांना पारदर्शक बुचे असतात. स्ट्राँजाइल प्रकारच्या गोलकृमींची अंडी पातळ कवचाची, लांबट असतात आणि आत पेशींचा पुंजका दिसतो. नमुना उबेत राहिला तर काही तासांतच आत अळी तयार होऊ लागते आणि ओळख अवघड होते.

फसवणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. परागकण, बुरशीचे बीजाणू, हवेचे बुडबुडे आणि पतंगांचे खवले सवयीने ओळखू येतात. कोळीवर्गीय किडींची अंडी मोठी असतात, पुष्कळदा १०० मायक्रॉनहून मोठी, आणि त्यांच्या आत पायांचे ठसे दिसू लागतात. वटवाघूळ आपले अंग चाटताना त्या किडी गिळते, म्हणून ती लेंडीत येणे स्वाभाविक आहे. खरी अडचण वेगळीच आहे: वटवाघळाने खाल्लेल्या झुरळाच्या किंवा भुंग्याच्या आतड्यातही स्वतःचे गोलकृमी असतात आणि त्यांची अंडी न पचता तशीच पुढे जातात. अशी अंडी वटवाघळाच्या नावावर लिहिली जाण्याचा धोका नेहमीच असतो. एखादे अंडे एकाच लेंडीत, एकदाच दिसले आणि त्याच लेंडीत विशिष्ट किड्याचे अवशेष भरपूर असले, तर 'कीटकाकडून आले असावे' असा शेरा मारावा आणि पुढच्या महिन्यांत तेच अंडे पुन्हा येते का ते पाहावे.

अंड्यावरून कृमीचे कुल आणि क्वचित प्रजाती (जीनस) सांगता येते, जात (स्पीशीज) जवळजवळ कधीच नाही. यापलीकडे जायचे असेल तर अल्कोहोलमधील नमुन्यांतून डीएनए वेगळा करून जनुकीय ओळख पटवावी लागते. त्याच लेंडीतून वटवाघळाची जातही नक्की करता येते.

मेलेले वटवाघूळ मिळाले तर

विजेच्या तारेला चिकटलेली किंवा मांजराने मारलेली वटवाघळे अधूनमधून मिळतात. ती उघड्या हाताने उचलू नयेत. हातमोज्यांनी दुहेरी पिशवीत घालून वन विभागाला कळवावे आणि परवानगीनंतर शवविच्छेदन पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा तत्सम सुसज्ज प्रयोगशाळेत, जैवसुरक्षा कक्षातच करावे. हे घरच्या टेबलावर करण्याचे काम नाही.

बहुतेक वटवाघळांना अंधांत्र, म्हणजे लहान व मोठ्या आतड्याच्या जोडावरची पिशवी, नसते आणि लहान व मोठे आतडे वेगळे ओळखणे अवघड जाते. म्हणून संपूर्ण आतडे सरळ मांडून त्याचे तीन समान भाग करावेत आणि प्रत्येक भाग ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात स्वतंत्र तबकडीत लांबीने उघडावा. कोणता कृमी कोणत्या भागात होता ही नोंद ओळखीसाठी मोलाची ठरते. पर्णकृमी मऊ कुंचल्याने सोडवावेत, कव्हरस्लिपच्या हलक्या वजनाखाली सपाट करून ७० टक्के अल्कोहोलमध्ये स्थिर करावेत आणि नंतर कारमाइनच्या रंगात रंगवून कॅनडा बाल्समखाली कायमची काचपट्टी करावी. गोलकृमी वाफाळत्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकले की क्षणात सरळ होतात. थंड द्रवात टाकले तर ते वेटोळे घालूनच मरतात आणि पुढे मोजमाप अशक्य होते. त्यांना रंग न देता लॅक्टोफिनॉल किंवा ग्लिसरिनमध्ये पारदर्शक करून पाहतात. पट्टकृमी ओढून काढू नये. त्याचे डोके आतड्याच्या भिंतीत अडकलेले असते, आणि आकड्यांसह डोके हाती नसेल तर उरलेल्या फितीवरून ओळख पटत नाही. आतड्याचा तो तुकडाच थंड पाण्यात तासभर ठेवला तर कृमी बहुधा आपणहून सुटतो. शक्य तेथे प्रत्येक प्रकारचा एक तरी कृमी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जनुकीय तपासणीसाठी राखून ठेवावा.

आकडे मांडणे

समजा, ६० लेंड्या तपासल्या आणि २१ मध्ये पर्णकृमींची अंडी मिळाली. बाधेचे प्रमाण ३५ टक्के झाले, पण नमुना लहान असल्यामुळे खरा आकडा साधारण २४ ते ४८ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो, आणि हा पल्ला मुख्य आकड्याच्या शेजारीच छापावा. शिवाय हे प्रमाण लेंड्यांचे आहे, वटवाघळांचे नव्हे. अंड्यांच्या संख्येवरून कृमींची संख्या काढण्याचा मोह टाळावा. अपक्व कृमी अंडी घालत नाही, प्रौढाची अंडी रोज सारखी पडत नाहीत आणि लहान पर्णकृमी मुळातच थोडी अंडी सोडतो. शवविच्छेदनातून आलेले आकडे मात्र वेगळे: तेथे बाधित वटवाघळांमागे सरासरी कृमी किती आणि एकूण वटवाघळांमागे किती, हे दोन्ही स्वतंत्रपणे द्यावेत, कारण परोपजीवी सारखे वाटले गेलेले नसतात, थोड्या प्राण्यांत पुष्कळ आणि पुष्कळ प्राण्यांत अगदी थोडे, असेच चित्र बहुधा दिसते.

एका भेटीवरून काही ठरत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी जूनपूर्वी कोरडा पडलेला ओढा सप्टेंबरात भरून वाहत असतो, तेव्हा पाण्यातून निघणारे कीटक आणि त्यांतून येणारे कृमी सारखे कसे असतील? त्याच वसाहतीचे नमुने वर्षभर, दरमहा एकाच पद्धतीने घ्यावेत आणि जवळच्या पाणवठ्यात गोगलगायी आहेत का, हेही दर भेटीत पाहून लिहावे. कृमी दिसले म्हणून वटवाघळे आजारी आहेत असे समजू नये आणि वसाहतीला औषध देण्याचा विचार तर मुळीच करू नये. चांगल्या स्थितीतील वटवाघळेही कृमी बाळगतात. एखाद्या वसाहतीत अशक्त, खाली पडणारी वटवाघळे वाढली, तर कृमींकडे बोट दाखवण्याआधी कीटकनाशकांची फवारणी, निवाऱ्याची मोडतोड आणि उन्हाळ्यातील अतिउष्णता यांची चौकशी करावी.

काम संपल्यावर कायम काचपट्ट्या, अल्कोहोलमधील नमुने आणि नोंदवहीची प्रत एखाद्या मान्य संग्रहालयाकडे सोपवावी. पुण्यात आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पट्टकृमींच्या वर्गीकरणाचे काम दीर्घकाळ झालेले आहे. नमुना देण्यापूर्वी तेथे पत्राने विचारणा करावी आणि प्रत्येक काचपट्टीवर यजमान वटवाघळाची जात, वसाहतीचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि स्थिरीकरणाची पद्धत लिहिलेली आहे, याची खात्री करावी. अक्षांश-रेखांश छापील लेखात किंवा समाजमाध्यमांवर मात्र देऊ नयेत. तेथे तालुक्याचे नाव पुरे.